पहिला दाब

सोमवार, दिनांक ७ डिसेंबर २०४३, सकाळी साडेनऊ वाजता, सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या वरकुटे छावणीत, एके काळी वाचनालय म्हणून वापरल्या जाणाऱ्या लांबट खोलीत तीन अधिकाऱ्यांचे चौकशी न्यायालय भरले. अध्यक्षस्थानी ब्रिगेडियर अनुराधा मोकाशी होत्या. न्यायालयापुढे प्रश्न एकच होता. ऑक्टोबरच्या अखेरीस उत्तर सीमेवरील एका उंच चौकीवर, पहाटेच्या धुक्यात, हवालदार सोपान गव्हाणे यांच्या रायफलीतून गोळी सुटली आणि चौकीला रॉकेल पोहोचवणारा नवांग नावाचा स्थानिक हमाल जागीच मरण पावला. ती गोळी कोणी झाडली?

वीस वर्षांपूर्वी असा प्रश्न विचारणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढले असते. रायफल ज्याच्या हातात, गोळी त्याची, हा न्याय बंदुकीइतकाच जुना. परंतु गेल्या दोन वर्षांत सैन्याने जुन्या रायफली मोडीत काढून ‘अचूक’ ही नवी रायफल स्वीकारली होती आणि या रायफलीला स्वतःचे मत होते. जवान तिला ‘शहाणी’ म्हणत. त्या नावात कौतुक किती आणि टोमणा किती, हे म्हणणाऱ्याच्या नोकरीच्या वर्षांवर अवलंबून असे.

साक्षीदारांच्या बाकावर अगदी टोकाला सुभेदार मेजर हैबतराव निकम बसले होते. वय अडुसष्ट, मिशा पांढऱ्या, पाठ अजून ताठ. निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षे झाली होती. त्याआधी अर्धे आयुष्य त्यांनी जवानांना नेमबाजी शिकवण्यात घालवले होते आणि त्यांनी लिहिलेली सरावपुस्तिका छावण्याछावण्यांतून अजूनही वापरात होती. तीन वर्षांपूर्वी ‘अचूक’ची अखेरची चाचणी घेण्यासाठी बारा जुन्या उस्तादांचे मंडळ नेमले गेले, तेव्हा त्याचे प्रमुखपद साहजिकच त्यांच्याकडे आले. चाचणीच्या अहवालावर पहिली सही त्यांची होती. रायफलीच्या चापाची रचना करणाऱ्या पुण्याच्या प्रयोगशाळेतील पथकाची प्रमुख त्यांची मुलगी वैजयंती होती. मंडळ नेमले गेले तेव्हा हैबतरावांनी ही गोष्ट लेखी कळवली होती, कारण लेखी कळवणे हा त्यांचा स्वभाव होता.

न्यायालयाच्या लेखनिकाने रायफलीने स्वतः केलेली नोंद वाचून दाखवली.

“वेळ सहा वाजून बारा मिनिटे. लक्ष्य: मनुष्याकृती, हातात लांब धातूची वस्तू. अंतर एकशे चाळीस मीटर. संमती: प्राप्त. गोळी: एक. परिणाम: अचूक.”

लांब धातूची वस्तू म्हणजे बर्फावर टेकत चालण्याची पहार होती. रायफल-प्रकल्पाच्या बाजूने आलेल्या वकिलांनी ‘संमती: प्राप्त’ या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. त्यांचे म्हणणे सरळ होते. नोंद खोटी असू शकत नाही. हवालदाराने संमती दिली, रायफलीने आज्ञा पाळली. हे मान्य झाले असते तर सोपानला बडतर्फी आणि पुढे किमान सात वर्षांची कैद अटळ होती. त्याची नोकरी संपायला चार महिने उरले होते.

अकराच्या सुमारास चहासाठी कामकाज थांबले. सोपान व्हरांड्यात पहारेकऱ्यासोबत उभा होता. हैबतरावांना येताना पाहून पहारेकरी आपण होऊन चार पावले दूर सरकला. त्यानेही पुस्तिका वाचली असावी.

बावीस वर्षांपूर्वी हा सोपान माण तालुक्यातून भरती झालेला एक लाजाळू तरुण होता. आज त्याच्या कानशिलांवर पांढरे केस आले होते. त्याने उस्तादांच्या पायांना हात लावला आणि कपातल्या चहाकडे पाहत जे घडले ते थोडक्यात सांगितले. धुके दाट होते. आकृती दिसली. त्याने रायफल खांद्याला लावली आणि नियमाप्रमाणे आव्हान दिले.

“‘थम’ म्हणून झालं होतं, उस्ताद. ‘कौन’ तोंडातच होतं. तेवढ्यात ती फुटली.”

“बोट कुठं होतं?”

“तुम्ही शिकवलंय तिथंच. पहिल्या दाबावर.”

मग सोपानने सांगितले की आपल्या मुलीसाठी नवांग दर खेपेला लोकरीचे मोजे आणत असे, आणि शेवटचा जोड त्या दिवशीही त्याच्या पाठीवरच्या पिशवीत होता.

पहिला दाब म्हणजे काय, हे रायफल न हाताळलेल्या वाचकाला सांगितले पाहिजे. जुन्या रायफलीचा चाप दोन टप्प्यांत ओढला जाई. पहिला टप्पा हलका. बोटाने थोडा जोर लावला की चाप मागे येई आणि एका जागी अडे. तिथून पुढे आणखी जोर दिला तरच गोळी सुटे. त्या दोन टप्प्यांच्या मधली जागा ही शिपायाची विचार करण्याची जागा होती. संशय आला की पहिला दाब घ्यायचा, आव्हान द्यायचे, उत्तर ऐकायचे आणि मग ठरवायचे: पुढे जायचे की बोट सैल सोडायचे. हजारो पहारेकऱ्यांनी पहाटेच्या अंधारात हजारो वेळा असे बोट सैल सोडले होते आणि त्याची नोंद कोठेही झाली नव्हती, कारण न झाडलेल्या गोळीची नोंद कोण ठेवतो? हैबतराव भरती झालेल्या प्रत्येकाला एकच वाक्य पाठ करायला लावत. “पहिला दाब आधी, विचार नंतर, दुसरा दाब शेवटी.”

मंगळवारी सकाळी अतिथिगृहाच्या ओट्यावर मानद कॅप्टन ज्ञानदेव शेलार वर्तमानपत्र घेऊन आले. शेलार आणि निकम एकाच दिवशी भरती झालेले. चाचणीच्या मंडळातही दोघे बरोबर होते आणि राजकारणात दोघांची मते जुळत होती. लोक त्यांना परंपरावादी म्हणत, आणि हैबतरावांनी तो शब्द कधी नाकारला नव्हता. त्यांनी आयुष्यभर एकाच पक्षाला मत दिले होते. सैन्याचा मान, घराची शिस्त, आपल्या देशात आपल्या हातांनी केलेली वस्तू, आणि पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेली रीत लगोलग टाकून न देण्याचा शहाणपणा, या गोष्टींवर त्यांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी वर्तमानपत्रांना पाठवलेल्या शेकडो पत्रांतून मुद्देसूद मांडली होती. अलीकडे मात्र त्यांना एक थकवा आला होता. विरोधकांचा त्यांना कधीच भरवसा नव्हता. सैनिकाचा गणवेश पाहिला की ज्यांच्या कपाळाला आठी पडते, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही असे त्यांचे मत होते. पण आता त्यांच्याच पक्षाची मंडळी सकाळी काही तरी मोडत आणि संध्याकाळी त्या मोडण्यालाच परंपरा म्हणत. जुनी रायफल दोन वर्षांत हद्दपार करण्याची घाईही त्यांचीच होती. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात ‘अचूक’चे चित्र होते.

शेलारांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले.

“हैबत्या, उद्या तू काय बोलणार ते तुझ्या तोंडावर लिहिलंय. पण एप्रिलात मतदान आहे.”

“मतदानाचा आणि बोटाचा काय संबंध?”

“तुझ्या बोटाचा नसंल. टीव्हीवाल्यांच्या बोटाचा आहे. रायफली बाहेरून आणा म्हणणारी माणसं टपून बसलीत, आणि तू त्यांच्या हाती आयतं कोलीत देणार.”

हैबतरावांनी शांतपणे युक्तिवाद मांडला. आपण राखणारी माणसे आहोत, असे ते म्हणाले. राखणाऱ्याने आधी हे विचारायचे असते की जी वस्तू मी काढून टाकतो आहे ती तिथे कशासाठी होती. चापाचा तो दुसरा टप्पा कशासाठी होता, हे आपल्याला ठाऊक होते. प्रयोगशाळेतल्या कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते आपण सांगितले नाही, म्हणजे आपण राखण्याचे कामच केले नाही. सरकार राखणे आणि शिपाई राखणे यांत निवड करायची वेळ आली तर आपली निवड काय, हे भरतीच्या दिवशी ठरले आहे.

शेलारांना हे पटले नाही आणि पटले नाही हे त्यांनी बोलूनही दाखवले. एक सोपान सुटेल, पण अख्ख्या देशी कारखान्याला टाळे लागेल. मग पुढच्या लढाईत जवान कोणाच्या दारात बंदूक मागायला जातील? हा प्रश्न पोकळ नव्हता आणि हैबतरावांनी तो तसा समजलाही नाही. त्यांनी विषय बदलला.

“ज्ञानू, ती बादलीवाली बाई आठवते? पुठ्ठ्याची?”

शेलारांनी घडी केलेले वर्तमानपत्र पुन्हा उलगडले.

चाचणीच्या शेवटच्या आठवड्यात, एप्रिल २०४० मध्ये, माळरानावर पुठ्ठ्याच्या आकृत्या उभ्या केल्या होत्या. काहींच्या हातात बंदुका, काहींच्या हातात बादली, कुदळ, सायकल. आकृती अचानक उभी राही आणि उस्तादाने ठरवायचे असे: झाडायची की नाही. बादलीवाली बाई उभी राहिली तेव्हा हैबतरावांनी पहिला दाब घेतला, ती बाई आहे हे ओळखले, ते बोट सैल सोडण्याच्या बेतात होते, आणि गोळी सुटली. पुठ्ठ्याच्या छातीला भोक पडले. निरीक्षकाने रायफलीची नोंद पाहून लिहिले: ‘गोळी हेतुपूर्वक, लक्ष्य चुकीचे.’ हैबतरावांनी त्याखाली सही केली आणि कारण म्हणून ‘नजरचूक’ असे लिहिले.

“ते भोक मी पाडलं नव्हतं,” हैबतराव म्हणाले. “तुझा तो सायकलवाला?”

“माझी नजर चुकली.”

“हो. माझीही तशीच चुकली. बारांपैकी नऊ जणांची चुकली. अहवाल मीच बांधला, नऊ वेळा तो शब्द मीच उतरवला आणि खाली शेरा मारला की उस्तादांच्या वयोमानाने असे होते.”

शेलार उठले. जाताना वर्तमानपत्र न्यायचे विसरले.

दुपारी वैजयंती पुण्याहून आली. तिचीही बुधवारी साक्ष होती. वडील आणि मुलगी गोळीबाराच्या मैदानाच्या कडेने चालत गेली. चालताना तिने आबांना चापाची सारी हकिकत पुन्हा समजावून सांगितली, कारण तिला उद्या तीच सांगायची होती आणि तिला सराव हवा होता.

मूळ अडचण माणसाच्या हाताची आहे, ती म्हणाली. हात कितीही स्थिर धरला तरी नळी सतत किंचित हलते. नेम बरोबर जुळल्याचे डोळ्याला दिसते, मेंदू बोटाला कळवतो, बोट दाबते. यात सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो आणि तेवढ्यात नळी पुढे सरकलेली असते. ‘अचूक’ने हा पाचवा हिस्सा नाहीसा केला. जवानाने फक्त संमती द्यायची. दुर्बिणीतला संगणक नळीची हालचाल पाहत राहतो आणि ज्या क्षणी नळी व लक्ष्य एका रेषेत येतात त्याच क्षणी गोळी सोडतो. प्रश्न उरला तो एवढाच की संमती कशाला म्हणायचे. ते ठरवण्यासाठी त्यांनी सरावाच्या मैदानांवर एक लाख गोळ्यांचे मोजमाप केले. प्रत्येक गोळीच्या आधी बोटाचा जोर किती, किती वेळ. यंत्राने त्या एक लाख उदाहरणांतून शिकून सांगितले: बोट या विशिष्ट जोरापर्यंत आले की गोळी येतेच. अपवाद शून्य. म्हणून संमतीची खूण त्या जोरावर, म्हणजे पहिल्या दाबावरच, ठेवली. चापाला संमती जितकी लवकर कळते तितकी रायफल अचूक.

हैबतराव थांबले.

“मैदानावर ‘फायर’ची आज्ञा असते, वैजू. पहिला दाब घेऊन तिथं कोणी मागं कसा फिरेल? मागं फिरतो तो पहारेकरी.”

“हे मला गेल्या महिन्यात कळलं, आबा. पहाऱ्यावरचं बोट आम्ही कधी मोजलंच नाही. पण त्यासाठीच तर तुम्ही बारा जण होतात. ज्या गोष्टी आम्हाला सुचणार नाहीत, त्या तुमच्या हाताला कळाव्यात म्हणून.”

तेव्हा हैबतरावांनी तिला बादलीवाल्या बाईची गोष्ट सांगितली. मग बाकीच्या आठांचीही. ती वाळूच्या पोत्यांवर खाली बसली.

“नऊ?”

“नऊ.”

“एकाने जरी लिहिलं असतं की बोट सैल सोडताना गोळी सुटली, तर मी तो आकडा बदलला असता. अर्ध्या दिवसाचं काम होतं.”

हैबतरावांनी तिला त्यांच्या पलटणीची जुनी रीत सांगितली. ज्याच्या हातून नकळत गोळी सुटे, त्याला त्या गोळीची रिकामी पुंगळी दोऱ्यात ओवून आठवडाभर गळ्यात घालावी लागे. हजेरीला, जेवणाला, झोपतानाही. चुकीच्या माणसाला गोळी घातली तर चौकशी होई. पण बोटावर ताबा नसला तर हसे होई, आणि सैनिक चौकशी सोसतो, हसे सोसत नाही. हैबतरावांनी स्वतः कित्येकांच्या गळ्यात पुंगळी बांधली होती. ज्याने इतरांच्या बोटांना शिस्त लावली, त्याच्याच बोटाने दगा दिला, हे ते कागदावर कसे लिहिणार? डोळे म्हातारे होतात, त्यात अपमान नाही. म्हणून त्यांनी डोळ्यांवर ढकलले. रायफलीचा दोष असेल हे त्यांच्या मनातही आले नाही. त्यांना वाटले, बोट थरथरले.

“म्हणजे पुंगळीच्या भीतीने,” वैजयंती म्हणाली.

“भीतीने नाही. लाजेने.”

“नवांगला त्याने काय फरक पडतो, आबा?”

सूर्य निशाणांमागच्या मातीच्या बांधापलीकडे कलला होता. वैजयंती उठली, सलवारीची वाळू झटकली आणि म्हणाली की खूण चुकीच्या जागी ठेवली हे ती उद्या स्वतःहून सांगणार आहे. त्यामुळे तिचे पथक जाईल, कदाचित तीही जाईल. पण खूण चुकीची होती एवढ्याने सोपान सुटणार नाही. वकील विचारतील की मग चाचणीत असे का घडले नाही. “तुमची एकट्याची साक्ष पुरणार नाही. एक म्हातारा म्हणाला बोट सैल सोडत होतो, तर ती आठवण. दोघे म्हणाले तर कदाचित. नऊ म्हणाले तर तो दोष.” आणि मग, पाठमोरी असताना, तिने हेही सांगितले की काय बोलायचे हे तिने त्यांना सांगण्याची वेळ येऊ नये.

बुधवारी वैजयंतीची साक्ष साडेदहाला संपली. ती नेमकी आणि कोरडी होती. तिने एकाही वाक्यात स्वतःचा बचाव केला नाही. त्यानंतर हैबतराव उभे राहिले आणि बादलीवाल्या बाईपासून ‘नजरचूक’ या शब्दापर्यंत सर्व काही त्यांनी क्रमवार, तारखांसह सांगितले. मग वकील उठले. त्यांनी अत्यंत आदराने तीन प्रश्न विचारले. त्या दिवशी आपले वय काय होते? पासष्ट. ज्या अधिकारी आत्ताच साक्ष देऊन बसल्या, त्या आपल्या कोण? कन्या. आणि आपण त्या अहवालावर सही करताना खोटे लिहिले, की आज येथे खोटे बोलत आहात?

“अहवालात खोटे लिहिले.”

“म्हणजे आपण खोटे लिहू शकता.”

“लाज वाटली तर लिहितो, असे दिसते.”

वकिलांनी मान झुकवली आणि न्यायालयाकडे वळून सांगितले की एका ज्येष्ठ सैनिकाची ही आठवण हृद्य असली तरी तिला दुसरा आधार नाही. ब्रिगेडियर मोकाशींनी कागदावरून नजर वर न उचलता लेखनिकाला पुढचे लिहायला सांगितले. सोपान दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या भिंतीकडे पाहत होता. तो कैदेसाठी तयार झाल्यासारखा दिसत होता.

प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मानद कॅप्टन शेलार उभे राहिले होते. त्यांना साक्षीला बोलावलेले नव्हते आणि तसे त्यांना सांगण्यातही आले. त्यांनी ते ऐकून घेतले.

“मला ठाऊक आहे, मॅडम. मी निकमांच्या विरोधात आलो होतो. त्यांनी गप्प बसावं असं माझं काल मत होतं आणि आजही राजकारणापुरतं तेच आहे.” त्यांनी घसा साफ केला. “पण सायकलवाल्या पोरावर मी गोळी झाडली नव्हती. मी पहिल्या दाबावर होतो. ती आपण होऊन सुटली आणि मी नजर चुकली म्हणून लिहिलं.”

मग जे झाले ते फारसे नाट्यमय नव्हते. ब्रिगेडियर मोकाशींनी अहवालातील नऊ नावे मागवली, कामकाज थांबवले आणि उरलेल्या सात जणांना शपथेवर फोन लावण्याचा आदेश दिला. दुपार त्यातच गेली. सातांपैकी एक जण गेल्या वर्षी वारला होता. एकाने आपली नजरच चुकली होती असे ठासून सांगितले आणि फोन ठेवला. पाच जणांनी कबूल केले. त्यांतला एक, सांगलीचा, बोलता बोलता रडू लागल्यामुळे त्याची साक्ष पुन्हा घ्यावी लागली. प्रत्येकाला वाटले होते की आपले एकट्याचेच बोट थरथरले.

वकिलांनी शेवटी मुदत मागितली. ती मिळाली नाही.

दुपारी सव्वाचार वाजता न्यायालय पुन्हा भरले. हैबतराव, वैजयंती आणि शेलार तिघेही एकाच बाकावर बसले होते आणि एकमेकांकडे पाहत नव्हते. ब्रिगेडियर मोकाशींनी निष्कर्ष वाचायला सुरुवात केली. आवाज सपाट होता. दिवसभर बोलून तो बसला होता.

“ती गोळी हवालदार सोपान गव्हाणे यांनी झाडलेली नाही. त्यांना कामावर परत घ्यावे. रायफलीच्या चापात दोष आहे. तो दूर होईपर्यंत ती पहाऱ्यावर वापरू नये. हा दोष तीन वर्षांपूर्वी चाचणीत दिसला होता. ज्यांच्या हातात तो दिसला त्यांनी तो लिहिला नाही. त्यांनी लिहिला असता तर नवांग मेला नसता.”